एकासाठी शाई, हजारांसाठी शाई

एका माणसासाठी मन लावून केलेलं काम म्हणजे कला, आणि छापण्यासाठी केलेलं काम म्हणजे पाट्या टाकणं... हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. शिंप्याने मापं घेऊन शिवलेला झब्बा तो खरा, आणि दुकानातला तयार झब्बा चालवून घ्यायचा, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. कपड्यांच्या बाबतीत ते असेलही खरं. कॉमिक्सच्या चित्रांच्या बाबतीत मात्र मला ते पटत नाही. का पटत नाही, ते आज जरा सविस्तर लिहिते.

"या आजीबाईंचा आणि कॉमिक्सचा काय संबंध?" असं नेहमीच्या वाचकांच्या मनात येणार, हे मला माहीत आहे. संबंध असा, की माझा थोरला नातू (लेकीचा मुलगा) न्यू जर्सीत वाढला आणि तिथे पोटापाण्यासाठी कॉमिक्सच्या चित्रांवर शाई चढवायचं काम करतो. याला तिकडे 'इंकिंग' म्हणतात आणि ते करणाऱ्याला 'इंकर'. सध्या त्याच्यापुढे पेच आहे. एका लहानशा प्रकाशकाने त्याला सहा अंकांच्या मालिकेचं काम देऊ केलंय. पैसे कमी आणि मुदत कडक. दुसरीकडे चाहत्यांच्या मागणीवरून एकेक चित्र करून देण्याची त्याची यादी पुढच्या आठ-दहा महिन्यांची भरली आहे, आणि त्यात मिळकत बरी. दोन्ही एकदम झेपणार नाही. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सगळ्यांनी मतं मांडून झाली. माझ्या धाकट्या जावेचं म्हणणं, "छापायची हमाली सोड, स्वतःची कला कर." तिला सतरा अंगठे मिळाले. मी गप्प बसले, कारण मोबाईलवर मला दोन ओळींच्या वर टंकता येत नाही. म्हणून इथे.

आधी इंकिंग म्हणजे काय ते सांगते, कारण गटावरच्या निम्म्या लोकांना वाटतं की तो चित्रं 'गिरवतो'.

अमेरिकेतली मासिक कॉमिक्स अनेक हातांनी बनतात. एकजण गोष्ट लिहितो, दुसरा पेन्सिलने पानं काढतो, तिसरा त्यावर शाई चढवतो, चौथा रंग भरतो, पाचवा फुग्यांतली अक्षरं लिहितो. महिन्याला वीस-बावीस पानं बाहेर पडायची तर एकट्याच्याने होत नाही, म्हणून ही वाटणी. पेन्सिलची रेघ करडी, पुसट, काही ठिकाणी नुसतीच चाचपडलेली. जुन्या छपाईत ती नीट उमटायचीच नाही. तिचा पक्का काळा निर्णय करायचा हे इंकरचं काम. एका कडेशी पेन्सिलच्या तीन रेघा असतील तर त्यातली खरी कुठली? सावली आहे तिथे सगळं काळं भरायचं की रेघा ओढून सोडायचं? पुढचा माणूस जाड रेघेने आणि मागचा डोंगर बारीक रेघेने काढला की डोंगर आपोआप लांब जातो. हे ठरवायचं आणि कोलिन्स्की सेबलच्या ब्रशने किंवा बारीक निबच्या टाकाने, हात न थरथरता कागदावर आणायचं. याला गिरवणं म्हणायचं असेल तर शुद्धलेखन तपासणाऱ्याला नक्कल करणारा म्हणावं लागेल.

आता दुसरा शब्द, 'कमिशन'. आपल्याकडे कमिशन म्हटलं की दलालच डोळ्यांपुढे येतो! तिकडे चित्रकाराला पैसे देऊन आपल्यासाठी म्हणून करून घेतलेल्या चित्राला कमिशन म्हणतात. चाहता सांगतो, मला बॅटमन पावसात उभा पाहिजे, किंवा अमुक जुन्या अंकाचं मुखपृष्ठ पुन्हा काढून पाहिजे. काही संग्राहकांकडे एखाद्या नावाजलेल्या चित्रकाराची नुसती पेन्सिलची चित्रं असतात. त्यातलं एखादं स्कॅन करून, जाड बोर्डावर फिकट निळ्या रंगात छापून त्यावर शाई चढवून घेतात. मूळ पेन्सिल जशीच्या तशी राहते आणि शाईचं दुसरं चित्र हातात पडतं. पेन्सिल करणारा हयात नसला तरी हे जमतं. चित्र तयार झालं की चौकट होऊन भिंतीवर लागतं. ते एकच असतं, आणि एकाच्याच घरात राहतं.

हात तोच, शाई तीच, तरी या दोन कामांत किती फरक आहे, हे मला नातवाच्या टेबलाशेजारी बसून कळलं.

छपाईचं पान ११ बाय १७ इंचांच्या बोर्डावर काढतात. त्यात चित्राची जागा साधारण १० बाय १५ इंच. हे माप १९६७-६८ च्या सुमारास रूढ झालं, त्याआधी पानं याहून मोठी असत. छापताना ते दोन तृतीयांशाच्या आसपास लहान होतं. म्हणजे रेघ बारीक होते आणि दोन रेघांमधली फटही बारीक होते. कागदावर सुबक दिसणारं रेघांचं जाळं छापल्यावर काळा डाग होऊन बसतं, आणि फार नाजूक रेघ चक्क गायब होते. पूर्वी तर कागद न्यूजप्रिंटचा, शाई पिणारा. त्यामुळे इंकरला समोरचं पान बघून काम करताच येत नाही. छापून आल्यावर ते कसं दिसेल हे मनात धरून करावं लागतं.

शिवाय छपाईला करडा रंग माहीत नाही. शाईचं पान स्कॅन करताना यंत्र प्रत्येक ठिपक्याला एवढंच विचारतं, तू काळा की पांढरा? त्यामुळे काही गोष्टी लपतातही. काळं भरताना ब्रशचे पट्टे राहिले, पांढऱ्या रंगाने चूक झाकली, दुसरा कागद वर चिकटवला, तरी छापल्यावर काही दिसत नाही. साधा मार्कर वापरला तरी चालतो, कारण त्या पानाने स्कॅन होईपर्यंत टिकलं की झालं.

कमिशनमध्ये यातलं काहीच चालत नाही. तिथे कागद हाच शेवट. ब्रशचा पट्टा दिसतो, पांढऱ्या रंगाचा फुगवटा उजेडात चमकतो, आणि स्वस्त मार्करचं काळं काही वर्षांत तपकिरी पडतं. म्हणून चांगली टिकाऊ इंडिया इंक, चांगला बोर्ड, पेन्सिल पुसायची तीही कागदाचे तंतू न उठवता. याच्या बदल्यात मोकळीक मोठी. शाईत पाणी घालून करड्या छटा देता येतात, केसाएवढी रेघ काढता येते, फुग्यांसाठी जागा सोडावी लागत नाही. मालिकेत एकच चेहरा शंभर वेळा काढावा लागतो, आणि शंभरही वेळा तो त्याच माणसाचा दिसावा लागतो. इथे एकदाच.

हे सगळं ऐकून जावेला वाटेल, बघा, मी म्हणत होते तेच! कमिशनमध्येच कसब जास्त, कागदाचा मान जास्त. मान जास्त, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण कसब?

मी भूगोल आणि मराठी शिकवत असे. १९७० च्या दशकात आमच्या शाळेत चाचणीचे पेपर सायक्लोस्टाईल करत. मेण लावलेल्या स्टेन्सिलच्या कागदावर टोकदार लेखणीने लिहायचं, मग तो कागद यंत्राच्या शाईच्या रुळावर चढवायचा आणि हँडल फिरवायचं. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे, जरा जोर जास्त झाला की 'ठ' च्या पोटातला मेणाचा तुकडाच गळून पडायचा आणि कागदावर काळा गोळा उमटायचा. मला नकाशे काढावे लागत. सह्याद्रीच्या रेघा जवळजवळ ओढल्या तर स्टेन्सिल फाटायची, लांब ओढल्या तर तो डोंगर वाटायचा नाही. फळ्यावर मी रंगीत खडूंनी काढलेला महाराष्ट्र छानच असे (असं मुलंच म्हणत, मी नाही). पण तो समोरच्या एका वर्गापुरता, आणि मी शेजारी उभी. कुणाला भीमा सापडली नाही तर बोट ठेवून दाखवायला मी होते. स्टेन्सिलवरचा नकाशा चार तुकड्यांत जाणार, मी तिथे नसणार, आणि शेवटच्या बाकावर फिकट प्रत आलेल्या मुलालाही कृष्णा कुठली आणि भीमा कुठली हे कळलंच पाहिजे. नाहीतर त्याचे गुण जाणार! त्या नकाशात मला दागिने घालता येत नव्हते. प्रत्येक रेघेला विचारावं लागे, बाई, तू गेलीस तर काही अडेल का?

छपाईची रेघ ही अशी शेवटच्या बाकासाठी असते.

याचा पुरावा आमच्याच घरात होता. १९६४ साली टाइम्स ऑफ इंडियाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली आणि पुढे ती मराठीतही आली. माझा धाकटा भाऊ भाड्याने आणून वाचायचा, आणि तो झोपला की मी. आपला वेताळ म्हणजे मूळचा फँटम. तो १९६१ पासून १९९४ पर्यंत साय बॅरी नावाचे चित्रकार काढत होते, आणि त्याआधी ते इतरांच्या पेन्सिलवर शाई चढवायचं काम करत. आमच्या हातातल्या त्या अंकाचा कागद खडबडीत, रंग रेघेबाहेर सांडलेले, कोपरे कुणीतरी चघळलेले. तरीही वेताळाचा जबडा, कवटीच्या गुहेतला अंधार, घोड्याची मान... सगळं स्वच्छ दिसायचं. अमेरिकेत ओढलेली रेघ समुद्र ओलांडून, भाषा बदलून, वाईट छपाईतून, दहा हातांतून आमच्या तालुक्याच्या गावी पोचली आणि शाबूत राहिली. ती कुणा एका शेटजींच्या दिवाणखान्यासाठी काढली असती तर कितीही नाजूक असती, मला कधी दिसलीच नसती.

आता छपाईच्या कामाची काळी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल बाई एकाच अंगाने बोलतात. व्हिन्स कोलेटा नावाचे एक इंकर होऊन गेले. फार वेगवान. मुदत उलटत आली की संपादक पानं त्यांच्याकडे पाठवत. जॅक कर्बींसारख्या थोर चित्रकाराने 'थॉर' मालिकेत पेन्सिलने काढलेली गर्दीतली माणसं, मागच्या इमारतींचे तपशील ते चक्क पुसून टाकत. शाई चढवायला वेळ वाचतो! त्यांच्या बाजूनेही बोलणारे आहेत, की अंक वेळेवर निघाला तो त्यांच्यामुळे. पण रेघ गाळणं आणि माणूस गाळणं यात फरक आहे. वाचणाऱ्याला नीट दिसावं म्हणून गाळलं तर ते संपादन, आपली संध्याकाळ मोकळी व्हावी म्हणून गाळलं तर ती कामचुकारी. वर्गात धडा सोपा करून सांगणं वेगळं आणि धड्याची दोन पानं सोडून देणं वेगळं.

याच कर्बींच्या पेन्सिलवर जो सिनॉट यांनीही शाई चढवली. 'फँटॅस्टिक फोर' या मालिकेवर १९६५ पासून १९७० मध्ये कर्बी ती सोडून जाईपर्यंत तेच मुख्य इंकर होते. ते न्यूयॉर्क राज्यातल्या सॉगर्टीज या गावी घरी बसून काम करत, पानं टपालाने येत-जात. मुदत त्यांनाही होती, दरही पानामागेच होता. पण त्यांच्या रेघेमुळे कर्बींची यंत्रं चकाकायला लागली, असं जाणकार आजही म्हणतात. २०१९ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी, ते स्पायडरमॅनच्या रविवारच्या पुरवणीच्या पट्ट्यांवरून निवृत्त झाले आणि २०२० मध्ये गेले. तेव्हा दोष छपाईचा नाही. मुदत सगळ्यांना सारखीच असते, तिच्याखाली कोण काय करतो हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं.

पैशांचं म्हणाल तर नातवाच्या अडचणीला इतिहास आहे. फार वर्षं मूळ पानांना काही किंमतच नव्हती. छापून झालं की ती प्रकाशकाकडे पडून राहत, नष्ट होत, नाहीतर कुणाच्या तरी घरी जात. १९७० च्या दशकात मोठे प्रकाशक ती चित्रकारांना परत करू लागले, आणि पेन्सिलवाला व इंकर ती आपसात वाटून घेऊ लागले. खुद्द कर्बींना आपली जुनी पानं मिळवायला भांडावं लागलं. त्यांनी काढलेल्या हजारो पानांपैकी जेमतेम दोनेक हजार १९८७ मध्ये परत आली. ती परतलेली पानं विकणं हा पुढे अनेकांचा आधार झाला. आता कितीतरी जण थेट संगणकाच्या पडद्यावर शाई करतात, तिथे विकायला पान उरतच नाही. काही अंकांत तर पेन्सिलच गडद करून तिच्यावर रंग भरतात, इंकर लागतच नाही. मग पोट कशावर? कमिशनवर. म्हणून कमिशन घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. घरभाडं सगळ्यांनाच द्यावं लागतं.

माझा आक्षेप छपाईचं काम अजिबातच सोडण्याला आहे. शाळेत मी एक गोष्ट जवळून पाहिली. वर्ग आणि शिकवणी दोन्ही करणारे चांगले शिक्षक असत. शिकवणीत पैसे जास्त, मुलं थोडी, प्रत्येकाचे आईवडील खूश. हळूहळू काहींचं मन वर्गातून उडालं. साठ मुलांना एकदम कळेल असं बोलायची सवय मोडली, आणि गंमत म्हणजे पुढे त्यांची शिकवणीही पातळ झाली. कारण अवघड ते सोपं करायचं कसब वर्गातच धारदार राहत होतं.

शाईचं तसंच आहे. कमिशनचं गिऱ्हाईक चित्राकडे तासन् तास बघणार. पैसे दिलेत तर रेघा दिसल्या पाहिजेत, असं त्यालाही वाटतं आणि करणाऱ्यालाही. मग झाडाचं पान न् पान, विटेची भेग न् भेग भरली जाते. नातूच म्हणाला, "आजी, कमिशनमध्ये कुठे थांबायचं तेच कळत नाही." छापील पानावर वाचक एका चौकटीवर दोन-तीन क्षण थांबतो. तेवढ्यात कोण, कुठे, कुणाकडे बघतोय हे कळलं पाहिजे, म्हणून तिथे थांबावंच लागतं. त्याने मला दोन्ही चित्रं शेजारी ठेवून दाखवली. भिंतीवरचं बघून मी "वा!" म्हटलं. छापील पान बघून काहीच म्हटलं नाही, पुढचं पान उलटलं. मला वाटतं, दुसरी दाद मोठी.

आणि एकासाठी केलेल्या कामाला दाद लगेच मिळते, हातोहात. ती गोड असते. हजारांसाठी केलेल्याला मिळेलच असं नाही. ज्याला पाहिलेलं नाही, जो कधी "थँक्यू" म्हणणार नाही, अशा माणसासाठी रेघ स्वच्छ ओढायची, याला मी हमाली म्हणणार नाही. मला ते जास्त सभ्यपणाचं वाटतं.

तेव्हा बाळा, आजीचं मत असं. ज्यांच्याकडून आगाऊ पैसे घेतलेस त्यांची चित्रं आधी पूर्ण कर, कारण तो शब्द दिलेला आहे; ज्यांचे घेतले नाहीत त्यांना नम्रपणे थांबायला सांग. प्रकाशकाकडून मुदत दोन महिने पुढे मागून बघ, मागायला पैसे पडत नाहीत. मग मालिका घे. महिन्याला एखाद-दुसरं कमिशन चालू ठेव, म्हणजे भाड्याची चिंता नको आणि कागदाचा मान राखायची सवयही राहील. आणि पानं बोर्डावर खऱ्या शाईने कर, मार्करने नको. छापून झाल्यावर कुणाला हवी असली तर तीच विकता येतील.

जावेने आपलं उत्तर जरूर लिहावं. पण इथे, या लेखाखाली, गटावर नको. तिथले अंगठे मला मोजता येत नाहीत.